आडव्या माणसासाठी इमारत

1928 सालची गोष्ट. क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, ऊन आणि स्वच्छ हवा, हेच मुख्य उपचार. म्हणजे एका अर्थी इमारत हेच औषध! फिनलंडच्या नैऋत्य भागातल्या गावांनी एकत्र येऊन पाइमिओच्या पाइनच्या जंगलात सॅनिटोरियम बांधायचं ठरवलं आणि आराखड्यांची स्पर्धा जाहीर केली. 1929 मध्ये ती जिंकली आल्वार आल्टो या तिशीतल्या वास्तुविशारदाने. 1933 मध्ये इमारत उभी राहिली.

आल्टोचा विचार आपण नीट समजून घेऊ. नेहमीची खोली उभ्या माणसासाठी असते; इथला माणूस महिनोन्महिने आडवा. त्याला दिसतं काय? छत. म्हणून छताला भिंतींपेक्षा गडद, शांत रंग दिला. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा बसवला. खोलीत खाटा दोनच. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा उतार असा ठेवला, की पाणी पडताना आवाज होऊ नये.

पुढे 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयाला औषध मिळालं. ज्या गच्च्यांवर रोगी ओळीने उन्हात झोपत, त्या 1960च्या दशकात बंद करून तिथे खोल्या केल्या. सॅनिटोरियमचं सर्वसाधारण रुग्णालय झालं.

मग आल्टोचं चुकलं का? आपल्याला तसं वाटत नाही. औषधाने गच्च्या निकामी केल्या, पण आडव्या माणसाचा प्रश्न तसाच राहिला. आजही रुग्णालयाच्या नूतनीकरणाचे नकाशे टेबलावर पसरले, की त्यांच्यावर वाकून बघणारे आपण सगळे उभेच असतो.