श्वासातून उमटणारी मींड : ब्लूज माउथ ऑर्गन

पेटी आणि माउथ ऑर्गन ही एकाच कुळातील वाद्ये होत. दोहोंतही हवेच्या झोताने धातूची रीड थरथरते व स्वर उमटतो. मात्र संत गोरा कुंभारांच्या तेर गावापासून महानगरांपर्यंत भजनाची साथ करणाऱ्या पेटीवर मींड घेता येत नाही. खिशात मावणाऱ्या माउथ ऑर्गनवर ती घेता येते. कारण तेथे भात्याचे काम वादकाचा श्वास करतो.

जर्मनीतील ट्रॉसिंगन येथे मातियास होनर यांनी १८५७ मध्ये या वाद्याचे उत्पादन सुरू केले. त्यांच्या कंपनीचे ‘मरीन बँड’ हे वाद्य १८९६ मध्ये आले. स्वस्त असल्याने ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या हाती पडले आणि ब्लूजचा आवाज बनले. लिटल वॉल्टर (१९३०-१९६८) याने साधा मायक्रोफोन ओंजळीत वाद्यासह धरून त्याला भारदस्त, दाणेदार नाद दिला. त्याची ‘जूक’ ही वाद्यरचना १९५२ मध्ये गाजली.

स्वरांची मांडणी

दहा छिद्रांच्या या वाद्यात वीस रीड असतात : प्रत्येक छिद्रात एक फुंकरीची, एक श्वास ओढण्याची. पांढरी एकच्या वाद्यावर ब्लूजवादक पांढरी पाचला षड्ज मानतो. त्यामुळे निषाद कोमल होऊन खमाज थाटाचे स्वर मिळतात आणि महत्त्वाचे स्वर श्वास ओढून निघतात. ओढलेला स्वर वाकवणे सोपे असते. या पद्धतीस ‘क्रॉस हार्प’ म्हणतात.

स्वर वाकवताना छिद्रातील दोन्ही रीड सहभागी होतात. त्यांतील अंतरावर मींडेची खोली ठरते. तिसऱ्या छिद्रावर ओढलेला स्वर तीन अर्धस्वर उतरू शकतो. पाचव्यावर मात्र तो जेमतेम हलतो.

साधना

प्रथम ओठांचा चंबू करून एकच छिद्र स्वच्छ वाजवावे. श्वास पोटातून, संथ घ्यावा. नंतर चौथ्या छिद्रातून श्वास ओढत जिभेची ठेवण ‘ई’वरून ‘ऊ’कडे न्यावी; स्वर खाली घसरतो. येथे जोर लावणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. त्याने स्वर वाकत नाही, उलट रीड निकामी होते. ओंजळ उघडून-मिटून नाद बदलता येतो, तर घशातून आंदोलन देता येते. लयीसाठी आगगाडीच्या चालीचा सराव रूढ आहे. येडशी, तेरमार्गे धावणाऱ्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेची वाफेची धापही त्यास शोभली असती.

अचूकता तपासण्यास पेटी उपयोगी पडते. तिसऱ्या छिद्रावरील शुद्ध गंधार (पांढरी सात) उतरवून काळी पाचशी, म्हणजे कोमल गंधाराशी, जुळवून पाहावा. परंतु ब्लूजचा गंधार अनेकदा या दोहोंच्या मध्येच थांबतो. त्या स्वराला पेटीवर पट्टी नाही. थोर वादकांची ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून तो कानात बसवावा लागतो.