किहीमकर : कोकणच्या मातीतले यहुदी आडनाव

पैठणकर किंवा वेरूळकर हे आडनाव ऐकताच छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला मूळ गावाचा बोध होतो. धर्म तो मनाशीच गृहीत धरतो. 'किहीमकर' या आडनावाबाबत मात्र असा अंदाज चुकण्याचा संभव आहे. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ समुद्रकिनारी किहीम हे गाव असून त्यावरून पडलेले हे आडनाव बेने इस्रायली, म्हणजेच मराठी भाषक यहुदी समाजातील आहे. 'केहिमकर' असेही ते लिहिले जाते.

आपले पूर्वज जहाज फुटल्यामुळे नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. कुलाब्याच्या गावागावांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. त्यामुळे त्यांना 'शनवार तेली' म्हणत. यहुदी रीतीप्रमाणे माणसाची ओळख 'अमक्याचा पुत्र अमका' अशी असते. त्या रीतीला कोकणातील 'कर' प्रत्ययाची जोड मिळाली आणि चौलचे चौलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. अशी ग्रामवाचक आडनावे या समाजात शंभराहून अधिक आहेत. व्यक्तिनामेही मराठी वळणाची झाली होती. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे 'समाजी हसाजी' या नावाने ओळखले जात. दिवेकर हे आडनाव हिंदूंतही आढळते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. बगदादी यहुद्यांत ही पद्धत नाही. ससून, एझ्रा ही त्यांची नावे बाहेरूनच आली.

किहीमकर घराण्याचे नाव इतिहासात राहिले ते हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे. १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला मात्र १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. किहीमला सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले होते. फुलपाखरांचे नामवंत अभ्यासक आयझॅक किहीमकर यांचे आडनावही याच गावचे, हा एक सुखद योगायोग.

शहरात आल्यावर अनेकांनी 'कर' वगळला किंवा आडनावच बाजूला ठेवले. कवी निसीम इझिकेल यांचे घराणे तळकर, तर 'बूट पॉलिश'मधील डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मूळ आडनाव माहीत नसेल तर अशा घराण्यांचे गाव शोधणे अवघड होते.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तेथे १९६२ मध्ये धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी आवश्यक ठरविली. ज्या समाजाने कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यालाच यहुदीपण सिद्ध करावे लागले. आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले. भारतात आज यहुद्यांची संख्या सुमारे पाच हजारच उरली असून महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. डिमोना, लोद, अश्दोद या इस्रायली शहरांत मात्र 'कर' प्रत्ययाची आडनावे अजूनही ऐकू येतात.