वहीचे कव्हर आणि रंगवायचे चित्र

पूर्वी वहीला कव्हर घालायचे ते वही झाकण्यासाठी. १९६० च्या आसपास आमच्याकडे जूनमध्ये वह्या-पुस्तके आली की खाकी कागद, कात्री आणि कणकेची खळ घेऊन बैठक बसे. खाकी कागद पुरला नाही तर वर्तमानपत्र, नाहीतर गेल्या वर्षीचे कॅलेंडर. कुणाकडे 'सोव्हिएत देश' नियतकालिक येत असेल तर त्याची चंगळ, कारण तो गुळगुळीत कागद वर्षभर टिकायचा. वर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. बस्स. त्यावर चित्रबित्र काढले तर गुरुजींचा ओरडा ठरलेला.

आता सगळे उलटे झाले आहे. शिशुवर्गातल्या मुलाच्या वहीवर चित्रच हवे, आणि तेही मुलाने स्वतः रंगवलेले. म्हणजे नुसत्या रेषांचे चित्र मोठ्यांनी छापून आणायचे, रंग मुलाने भरायचे आणि ते पान वहीवर चिकटवायचे.

ही रंगवायच्या चित्रांची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉग्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी १८८० च्या सुमारास केट ग्रीनअवे या इंग्रज चित्रकर्तीची चित्रे घेऊन मुलांसाठी रंगवायचे पुस्तक काढले. अशा पुस्तकांच्या इतिहासात पहिला मान बहुधा त्यालाच देतात. तेव्हा ती चित्रे रंगवायची पाण्याच्या रंगांनी, ब्रश घेऊन. चार वर्षांच्या मुलाच्या हाती हे काम येणे अवघडच! ते सोपे केले मेणाच्या खडूंनी. अमेरिकेत १९०३ मध्ये क्रेयोला खडूंची आठ रंगांची पेटी पाच सेंटला मिळू लागली. आपल्याकडे १९३१ मध्ये गिरगावात दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला. त्याचेच पुढे कॅम्लिन झाले, आणि मराठी घरांत 'कॅमलचे रंग' हा शब्दच रूढ झाला. २०११ मध्ये ती कंपनी जपानच्या कोकुयोकडे गेली, पण पेटीवरचा उंट अजून ओळखीचा आहे.

मात्र या छापील चित्रांवर शिक्षणतज्ज्ञ कधीच खूश नव्हते. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे अमेरिकेत गेलेले कलाशिक्षक. त्यांच्या १९४७ च्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात यावर चांगलीच टीका आहे. मुद्दा साधा आहे. मोठ्या माणसाने काढलेला सफाईदार पक्षी मुलाने रंगवला की त्याला स्वतःचा वेडावाकडा पक्षी आवडेनासा होतो. मग ते म्हणते, "मला नाही येत, तुम्ही काढून द्या."

हे वाक्य मी पहिलीच्या वर्गात किती वेळा ऐकले असेल! रेषेच्या आत रंगवल्याने हातावर ताबा येतो, असे दुसऱ्या बाजूने सांगतात. मला ते अर्धेच पटते. स्वतः काढलेल्या घराच्या भिंतीबाहेरही मूल रंग जाऊ देत नाही. तिथे तर ते जास्तच जपते.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम मांडले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली साधने म्हणजे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने. विकतचे काही नाही. ही टेकडी वारली मुलखातली. तिथे लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तेही फक्त पांढऱ्या रंगाने. हल्ली रंगवायच्या पानांत 'वारली' नावाने पोकळ त्रिकोणांची माणसे मिळतात आणि मुले त्यांत लाल, निळा, जांभळा भरतात. छान दिसतात, पण त्याला वारली म्हणू नये.

तर आमच्या नातीच्या शाळेतून असाच निरोप आला. सूनबाईने मोबाइलवर वीसेक चित्रे दाखवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हीच निवडा." मोर होता, पण पिसाऱ्यात शंभर कप्पे. साडेचार वर्षांचे मूल तिसऱ्या पिसाला कंटाळते. गणपती मी नको म्हटले, कारण वही दप्तरात आडवीतिडवी पडणार, पाय लागणार. कार्टूनमधली मांजर नातीला हवी होती, पण तिचे रंग सगळ्यांना पाठ. चुकला की शेजारचे मूल लगेच सांगणार. शेवटी छत्री निवडली. जाड रेषा, सहा मोठे कप्पे, आणि छत्रीखाली मोकळी जागा. छत्रीखाली कोण उभे आहे ते नातीने काढायचे, असे ठरले. तिने आधी मांजर काढली, मग मांजरीची आई. छत्री दोघींना पुरेना म्हणून तिने ती खडूने स्वतःच वाढवली. छापील रेष खाली तशीच राहिली.

कुणाला असे पान करायचे असेल तर कागद जरा जाड घ्या. मुले मेणखडू दाबून चालवतात आणि पातळ कागद फाटतो. नावाची चौकट रंगवण्याआधीच आखून ठेवा, कारण मेणावर पेन उमटत नाही. आणि प्लॅस्टिकचे कव्हर अगदी शेवटी, रंगवून झाल्यावर.