बहुवारिक अब्जांश कण : जनुके व पेप्टाइड औषधे यांचे वाहक

शरीरात कालांतराने विघटन पावणाऱ्या बहुवारिकांचे, सामान्यतः दहापासून काही शे नॅनोमीटरपर्यंत व्यासाचे, आणि ज्यांच्या गाभ्यात किंवा पृष्ठावर औषधी रेणू बांधून ते पेशीच्या अंतर्भागात पोचविता येतात असे कण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा अंश. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे सात-आठ हजार नॅनोमीटर असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची अटकळ बांधता येईल.

जनुकाचा डीएनए हा अवाढव्य, ऋण विद्युत्भार वाहणारा रेणू असल्यामुळे तसाच ऋणभारित पृष्ठ असलेल्या पेशीपटलातून त्याला वाट मिळत नाही, आणि रक्तात मोकळा सोडला तर तेथील विकरे त्याचे अल्पावकाशात तुकडे करतात. पेप्टाइड औषधांची अडचण थोडी निराळी असली तरी परिणाम तोच : अमिनो आम्लांच्या या साखळ्या पोटात गेल्या की अन्नातील प्रथिनांप्रमाणेच पचून जातात, म्हणून १९२२ साली माणसाला प्रथम दिलेले इन्सुलिन शंभर वर्षे उलटूनही मुख्यतः सुईनेच घ्यावे लागते. औषध उत्तम असून ते इष्ट स्थळी रुजू होत नाही, ही या प्रकारच्या उपचारांची मूळ फिर्याद होय.

गोंदिया जिल्ह्यात ही फिर्याद केवळ पुस्तकी नाही. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या विदर्भातील पट्ट्यात मोडतो. या विकारात हिमोग्लोबिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकाच्या लेखातील एका अक्षराच्या फरकाने तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच कोयत्यासारख्या वाकतात, केशवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णास असह्य वेदनांचे झटके येतात. मध्य भारतातील या दोषाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केली. केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. एका अक्षराची चूक इतक्या नेमकेपणाने ठाऊक असलेला दुसरा इतका व्यापक रोग क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच जनुक पोचविण्याच्या कोणत्याही साधनाची परीक्षा येथे फार कठोर होते.

अब्जांश कणांच्या शास्त्राचा एक धागा नागपुरातून निघालेला आहे, ही गोष्ट विदर्भातही फारशी बोलली जात नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात ए. के. डोर्ले आणि त्यांचे विद्यार्थी नैसर्गिक राळेपासून औषधांना लेप देण्याचे प्रयोग करीत असत. यशवंत पाठक व डोर्ले यांचा त्याविषयीचा निबंध १९८७ सालचा. पुढे १९९० मध्ये विनोद लाभसेटवार व डोर्ले यांनी हिवतापावरील प्रायमाक्विन व आमांशावरील मेट्रोनिडाझोल ही औषधे अब्जांश कणांतून देण्यासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. विदर्भाच्या जंगलपट्टीतील घरोघरच्या व्याधींवरील औषधे त्यांनी निवडली, ही निवड मला अर्थपूर्ण वाटते. गोंदियाचा लाखेचा धंदाही याच कुळातला : पळस व कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या कीटकाची लाख ही स्वतः निसर्गाने घडविलेली बहुवारिक राळ असून, ती आम्लात विरघळत नाही पण अल्कधर्मी द्रवात विरघळते, या गुणामुळे जठरातून सुरक्षित जाऊन आतड्यात उघडणाऱ्या गोळ्यांवर तिचा लेप फार पूर्वीपासून दिला जात आहे.

लाभसेटवार पुढे अमेरिकेत गेले, आणि ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात व नंतर क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये त्यांनी जे काम केले ते या विषयाच्या अभ्यासकांना वगळता येत नाही. त्यांचे वाहक बहुशः पीएलजीए या बहुवारिकाचे. दुग्धाम्ल व ग्लायकोलिक आम्ल यांच्या घटकांनी बनलेले हे बहुवारिक शरीरात पाण्याशी संयोग पावून पुन्हा त्याच आम्लांत मोडते व शेवटी पाणी आणि कर्बवायू यांच्या रूपाने बाहेर पडते. विरघळणारे शस्त्रक्रियेचे टाके ज्या द्रव्यवर्गाचे असतात तोच हा वर्ग. कण करण्याची रीत अशी : डीएनए किंवा पेप्टाइडाचे जलीय द्रावण बहुवारिकाच्या सेंद्रिय द्रावणात घुसळून पायस करतात, ते पायस पॉलिव्हिनिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात पुन्हा घुसळतात, आणि सेंद्रिय द्रावक उडून गेला की औषध पोटात घेतलेले घन कण उरतात. दोनदा घुसळण्याच्या या कृतीत पेप्टाइडाची घडण बिघडण्याचा धोका मात्र असतोच, आणि बहुवारिक मोडताना कणाच्या आत साचणारे आम्ल तो धोका वाढविते.

कण पेशीपटलाला चिकटतो, पटल आत वळून त्याला एका पुटिकेत कोंडते, आणि ही पुटिका हळूहळू आम्लधर्मी होत लयकारिकेकडे, म्हणजे पेशीच्या पचनकोठ्याकडे, जाऊ लागते. तेथे पोचण्यापूर्वी सुटका झाली नाही तर सर्व खटाटोप व्यर्थ. लाभसेटवार व त्यांचे सहकारी पान्यम यांनी २००२ साली दाखविले की पीएलजीए कणांचा ऋण पृष्ठभार आम्लात उलटून धन होतो, त्यामुळे ते पुटिकेच्या पटलाशी भिडतात व दहा मिनिटांच्या आत पेशीद्रवात निसटतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात एकाच घाण्यातील कण चाळून वेगळे केले असता, एका पेशीप्रकारात सुमारे ७० नॅनोमीटरच्या कणांनी सुमारे २०० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा सत्तावीसपट अधिक जनुककार्य घडविले. दुसऱ्या पेशीप्रकारात हा फरक चौपटच भरला. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा २००३ चा निष्कर्ष : बाहेरील कण काढून घेताच आत शिरलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के कण अर्ध्या तासात पेशीने बाहेर टाकले. पेशीत शिरणे आणि पेशीत राहणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसरीकडे उत्साही लेखकांचे नेहमी दुर्लक्ष होते.

दुसरा पंथ धनभारित बहुवारिकांचा. पॉलिएथिलीनिमीन या द्रव्याची जनुकवहनक्षमता १९९५ साली फ्रान्समध्ये बेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. पुटिकेतील आम्ल शोषीत राहून ते तिला फुगविते व फोडते, अशी त्याच्या यशाची उपपत्ती मांडली गेली. ती आजही वादातीत नाही. प्रयोगपात्रात हे द्रव्य प्रबळ, परंतु ज्या भारामुळे ते डीएनएला बांधते त्याच भारामुळे पेशीपटलालाही इजा करते. कोळंबीच्या कवचांतून मिळणारे चिटोसॅन सौम्य आहे, तितकेच मंदही.

पेप्टाइडांच्या बाबतीत बहुवारिकांचा दावा शाबीत झालेला आहे. बहुवारिकातून प्रथिने दीर्घकाळ झिरपत ठेवता येतात हे लँगर व फोकमन यांनी १९७६ साली दाखविले. ल्युप्रोलाइड या नऊ अमिनो आम्लांच्या औषधाचे बहुवारिक कणांत भरलेले रूप, ज्याला १९८९ साली अमेरिकेत परवाना मिळाला, एका टोचणीवर महिनाभर पुरते. पण ते कण अब्जांश नव्हेत, त्यांच्याहून पुष्कळ मोठे आहेत, व ते पेशीत न शिरता स्नायूत पडून राहून काम करतात. पोटातून देण्याच्या पेप्टाइडांत २०१९ साली बाजारात आलेल्या सेमाग्लुटाइडच्या गोळीने मान मिळविला, तोही शोषणास साह्य करणाऱ्या एका लहान रेणूच्या बळावर, कणांच्या नव्हे.

सिकलसेलपुरते बोलायचे तर अडचण आणखी खोल आहे. तांबड्या पेशीत केंद्रकच नसल्यामुळे दुरुस्ती अस्थिमज्जेतील मूळ पेशींत करावी लागते, आणि शिरेतून सोडलेले बहुतेक कण यकृत व प्लीहा वाटेतच जप्त करतात. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली थॅलसेमिया या हिमोग्लोबिनाच्याच दुसऱ्या आनुवंशिक विकाराने ग्रस्त उंदरांना पेप्टाइड-केंद्रकाम्ल व दुरुस्त डीएनए भरलेले पीएलजीए कण शिरेतून देऊन मज्जेतील मूळ पेशींत ७ टक्क्यांपर्यंत दुरुस्ती साधली व हिमोग्लोबिन स्वाभाविक पातळीवर आणले. या दिशेचा हा सर्वांत आशादायक पुरावा, पण उंदरांपुरताच. माणसासाठी २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या कॅस्गेव्ही उपचारात मूळ पेशी शरीराबाहेर काढून विद्युत्-झटक्याने जनुकछेदक आत घालतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली आहे. सिकलसेलबाहेर पाहिले तरी संदेशवाहक आरएनएच्या लसींत बाजी मारली ती लिपिडांनी, आणि पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची २०२३ साली संमत झालेली लसही लिपिडावरच आधारलेली. ती साध्या शीतकपाटात टिकते, हा गुण गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा वा देवरीसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने अल्प नव्हे.

एकंदरीत, औषध दीर्घकाळ झिरपत ठेवण्यात बहुवारिके श्रेष्ठ आणि जनुक पेशीत पोचविण्यात ती अद्याप उमेदवार, असा निवाडा द्यावा लागतो. गोंदियातील सिकलसेलग्रस्तांचा उपचार सध्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, फॉलिक आम्ल आणि प्रसंगी रक्तसंक्रमण यांवर चालतो. हायड्रॉक्सियुरिया हा लहान रेणू असून पेशीत शिरण्यास त्याला वाहकाची गरज लागत नाही.