दगड, लाकूड, कापड : भिवंडीच्या खडखडाटामागील इतिहास

१/ भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. तो इतका कानठळ्या बसवणारा का? त्याचे संपूर्ण उत्तर यंत्रात नाही. काही भिंतींतही आहे.

२/ पृष्ठभागावर आदळलेल्या ध्वनीचा काही अंश परततो, काही शोषला जातो. टणक, गुळगुळीत दगड किंवा गिलावा जवळजवळ सारा ध्वनी परतवतो. तंतुमय पदार्थाच्या छिद्रांत मात्र घर्षणामुळे ध्वनीची ऊर्जा उष्णतेत विरते.

३/ भिवंडी तालुक्यातच लोणाडची बौद्ध लेणी आहेत. तेथे भिंत, छत आणि जमीन एकाच बेसाल्टची. बंदिस्त शैलगृहात संथ पठण भारदस्त होते; घाईचे बोलणे मात्र धूसर होते, कारण पहिले अक्षर विरण्यापूर्वीच दुसरे त्यावर येऊन पडते.

४/ कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही छताला आहेत. लाकडी वास्तुपरंपरेची ती आठवण. पण अशा उंचवट्यांमुळे ध्वनी एकाच दिशेने न परतता विखुरतोही.

५/ विजापूरच्या गोलघुमटात (सतरावे शतक) याउलट घडते. गुळगुळीत, वक्र भिंत कुजबुजही समोरच्या टोकापर्यंत पोहोचवते.

६/ याचे गणित मांडले वॉलेस सेबिन यांनी. १८९५ साली हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत असे. सेबिन यांनी रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून घड्याळाने वेळ मोजली. सर्व गाद्या मांडल्यावर घुमणे सेकंदाच्या आसपास आले. खोली तीच; बदलला तो केवळ पृष्ठभाग.

७/ आता पुन्हा भिवंडी. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. धोट्याचा प्रत्येक आघात गिलाव्याच्या भिंतींवरून आणि पत्र्यावरून परततो; कामगाराच्या कानी स्वतःच्या मागासोबत साऱ्या शेडचा आवाज येतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते.

८/ छताखाली तंतुमय थर लावल्यास परतणारा ध्वनी घटतो. हाताखालच्या मागाचा थेट आवाज मात्र तसाच राहतो. त्यासाठी कानांत बोळे हवेतच. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

९/ ध्वनी शोषणारे तंतू विणणारे हे शहर. पण त्याच्या शेडच्या भिंती अजूनही लेण्यांइतक्याच टणक आहेत. मित्रहो, जुनी वास्तू पाहाल तेव्हा तिथे एकदा टाळी वाजवून ऐका. भिंत कशाची आहे, ते ती स्वतःच सांगेल.