जुनापाणी ते रामटेक : एका दिवसाची यात्रा

श्रोतेहो, माझा एक जुना विद्यार्थी गतवर्षी सपत्नीक इजिप्त देशास जाऊन आला. दिवाळीच्या भेटीस तो घरी आला, तेव्हा लक्सर येथील एका दिवसाचे वर्णन त्याने मला तासभर ऐकविले. नाईलच्या पूर्वतीरी कर्नाक आणि लक्सर ही प्रचंड देवालये. पश्चिमेस, जिकडे सूर्य मावळतो तिकडे, डोंगराच्या घळीत राजांची थडगी. बरोबर एक वाटाड्या होता. तो प्रत्येक भिंतीपाशी थांबे आणि लंबवर्तुळाकार चौकटीत कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून राजाचे नाव उच्चारी. ज्याचे नाव उच्चारले जाते तो परलोकी जिवंत राहतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. म्हणूनच शत्रूचा सूड घ्यावयाचा तर त्याचे नाव छिन्नीने खरवडून काढीत.

एवढे सांगून तो म्हणाला, "गुरुजी, आपल्या नागपुरात असे पाहण्यासारखे काय आहे? जुने म्हणून दाखवायचे, तर भोसल्यांपलीकडे आपली मजल जात नाही."

मी त्यास म्हणालो, "येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. वाटाड्या मी होतो."

त्या रविवारचा वृत्तांत मी आज आपणांस सांगणार आहे.

इजिप्तमधील यात्रेकरू प्रथम देवळे पाहतो की थडगी, हे मला ठाऊक नाही. आम्ही थडग्यांपासून आरंभ केला. शहराच्या वायव्येस काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी लागते. तेथील माळरानावर काळ्या दगडांची वर्तुळे मांडलेली आहेत, एक नव्हे, दोन नव्हे, शंभरांहून अधिक. मोठमोठे ओबडधोबड दगड एकमेकांस लागून गोलाकार बसविलेले, आणि आतील जागा माती व गोटे यांच्या भरावाने किंचित उंचावलेली. ज्यास ठाऊक नाही तो मनुष्य वर्तुळाच्या मधून चालत जाईल आणि आपण कोणाच्या छातीवर पाय दिला याची त्यास वार्ताही नसेल.

ही थडगी होत. लोखंड वापरणाऱ्या लोकांनी ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात रचली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. काही दगडांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत, तेही त्याच्या नजरेस आले होते. पुढे १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याने येथे रीतसर उत्खनन केले. जवळच्याच माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी खणले, तेव्हा काय काय निघाले ते ऐका : काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम, सोन्याचे अलंकार, इंद्रगोपाचे मणी आणि घोड्यांची हाडे. मालकाबरोबर त्याच्या घोड्यासही पुरले होते, आणि त्या घोड्याच्या मस्तकावर तांब्याचा अलंकार होता. रामटेकच्या वाटेवर पेंच नदीकाठी नायकुंड म्हणून गाव आहे. तेथे लोखंड गाळण्याची त्याच लोकांची भट्टी सापडली. हे रानटी लोक नव्हते. धातू कसा वितळवावा, घोडा कसा सजवावा आणि मेलेल्या माणसास मान कसा द्यावा, हे त्यांस उत्तम अवगत होते.

माझा विद्यार्थी वर्तुळाच्या कडेस उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, "यांची नावे काय, गुरुजी?"

श्रोतेहो, इतक्या थडग्यांतून एकही नाव निघालेले नाही. त्या लोकांपाशी लिपी नव्हती. राजांच्या घळीत साठांहून अधिक थडगी आहेत आणि त्यांतील अनेकांच्या धन्याचे नाव आपण सांगू शकतो. तूतनखामेनचे थडगे १९२२ साली हॉवर्ड कार्टरने उघडले आणि त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे नाव आज आपल्या शाळेतील मुलांसही पाठ आहे. येथे नागपूरच्या वेशीवर पडलेल्या आपल्या पूर्वजांस मात्र हाक मारावयास शब्द नाही.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांची सहल घेऊन याच माळावर आलो होतो. ही थडगी आहेत हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हते; गवळ्यांनी जनावरांसाठी मांडलेले दगड असावेत, असे मी खुशाल मुलांस सांगितले. वर्तुळाच्या मध्यभागी बसून आम्ही डबे खाल्ले. एका मुलाने काटकीने माती उकरून एक खापर काढले, आतून काळे, वरून तांबडे. मी शाबासकी देऊन ते खिशात टाकले आणि वर्गाच्या कपाटात ठेवले. काही वर्षांनी जुनी कपाटे मोडीत निघाली, त्यांबरोबर ते खापरही गेले. अडीच हजार वर्षे जे जागचे हलले नव्हते, ते मी एका दुपारी हलविले आणि हरवून बसलो. लिपी नसलेल्या माणसाचे खापर हेच त्याचे अक्षर होय, हे मला फार उशिरा कळले.

याउलट या दगडांपायी प्राण गमावणारा मनुष्यही आपल्याच शहरात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांस परिचित आहे. परंतु त्यांचा अंत कसा झाला हे थोड्यांसच ठाऊक असते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील अशीच शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतत होते. पावसाचे दिवस, ओढ्यास पूर आलेला. त्यात ते बुडाले. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे होते. त्यांनी जमविलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली.

असो. ऊन चढू लागले, तेव्हा आम्ही माघारी फिरून शहर ओलांडले आणि कामठीवरून, कन्हानचा पूल पार करून, जबलपूरच्या रस्त्यास लागलो. मनसरला हिडिंबा टेकडी आहे. तेथील उत्खननात विटांचे विशाल देवालय निघाले आहे. याच मनसरला १९७२ साली सापडलेली शिवाची तांबड्या दगडाची मूर्ती इतकी सुबक आहे की ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने नेली. आम्ही तेथे फार थांबलो नाही. माझे मन पुढे नगरधनकडे लागले होते.

नगरधन म्हणजे प्राचीन नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी येथून एका स्त्रीने राज्य चालविले. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती अकाली निवर्तला, मुले लहान. तेव्हा युवराज दिवाकरसेन याच्या नावे तिने कारभार हाती घेतला. माझ्या विद्यार्थ्यास मी विचारले, "तुझ्या वाटाड्याने हत्शेप्सुत राणी दाखविली असेल ना?" दाखविली होती. तीही अशीच सावत्र मुलाच्या लहानपणी राज्यावर आली, तिनेही डोंगराच्या पायथ्याशी देवालय बांधले, आणि तिच्या मागून तिचे नाव भिंतीभिंतींवरून खरवडून काढण्यात आले.

आमच्या राणीचे नाव कोणी मुद्दाम पुसले नाही. ते केवळ विसरले गेले, आणि परत कसे आले ते पाहण्याजोगे आहे. प्रथम पुण्यातील एका तांबटाच्या घरी ताम्रपट सापडला. तांबटाच्या घरातील तांबे मुशीत जावयाचे. हे राहिले, हे आपले भाग्य. तो नंदिवर्धनाहून दिलेला, राणीच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षीचा दानलेख निघाला. त्यात ती सासरच्या आधी आपले माहेरचे गुप्तकुल सांगते आणि गोत्रही पित्याचेच लावते! दुसऱ्यांदा, गेल्या दशकात नगरधनला उत्खनन झाले, तेव्हा बोटाच्या पेराएवढी मातीची एक मुद्रा हाती आली. तीवर शंखाचे चिन्ह आणि ब्राह्मी लिपीत तिचे नाव आहे. ज्या जमिनीवर आम्ही उभे होतो, तिच्याच पोटात ते नाव दीड हजार वर्षे पडून होते.

नावाची तिसरी जागा रामटेकच्या डोंगरावर. यात्रेकरू श्रीरामाच्या दर्शनास घाईने वर चढतो आणि वाटेवरची दोन जुनी नरसिंह-मंदिरे बहुधा तशीच मागे टाकतो. महामहोपाध्याय मिराशी यांनी रामटेक हाच मेघदूतातील रामगिरी, हे हिरीरीने प्रतिपादिले, त्यामुळे सुशिक्षितही येथे येऊन यक्षाचीच चौकशी करतात. मी माझ्या विद्यार्थ्यास केवल-नरसिंहाकडे नेले. तांबड्या दगडाचा धिप्पाड देव, एकटाच बसलेला, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, मुद्रेवर क्रोध नाही. या मंदिराच्या भिंतीवर चुन्याचे थर चढले होते. १९८० नंतरच्या दशकात ते निघाले आणि खालून शिलालेख बाहेर पडला. डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. आपल्या हातांनी, भक्तिभावाने, वर्षानुवर्षे चुना लावून आपणच तो झाकला होता; माझ्या खापराची गोष्ट आठवून मी त्याबद्दल कोणास दोष देत नाही.

लेख झिजलेला आहे. बाक्कर व आयझॅकसन या पंडितांनी १९९३ साली त्याचा जो अर्थ लावला, तो असा : प्रभावतीची एक मुलगी होती. गुप्तकुळात मामास ती दिली होती. पती वारल्यावर तिच्या भावाने तिला बळेच माहेरी आणले. पुढे आई गेली, तेव्हा आईच्या पुण्यार्थ तिने हे देवालय उभारले आणि देवास नाव दिले प्रभावतीस्वामी.

विद्यार्थी भिंतीजवळ गेला आणि अक्षरांवरून, स्पर्श न करता, बोट फिरवू लागला. "आणि मुलीचे नाव?" त्याने विचारले.

ते जेथे असावे तेथील अक्षरे फुटली आहेत. पंडित अंदाज करतात, पण त्यांचे एकमत नाही. देवास आईचे नाव देणारी ती स्वतः जुनापाणीच्या लोकांत जाऊन बसली आहे.

उतरताना तो फारसे बोलला नाही. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाला, "पुढच्या रविवारी मुलांना आणतो, गुरुजी. पण डबे आपण गाडीपाशीच खाऊ."

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी हिवाळ्यात जावे आणि जुनापाणीस सूर्योदयाच्या सुमारास पोचावे. दगडांवरील वाटीसारखे खळगे तिरप्या उन्हातच नीट दिसतात. दुपारी ते दगडात मिसळून जातात.