औषध स्वस्त कसं झालं? हमीद पिता-पुत्र आणि पेटंटचा कायदा

मुस्लीम उद्योजकांविषयी आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक अभिमानापोटी. सिप्लाच्या हमीद कुटुंबाची गोष्टही तशीच सांगितली जाते. आपल्या माणसाने आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांना स्वस्त औषध दिलं, एवढं बोलून आपण थांबतो. ते खरंच आहे. पण तिथेच थांबलं की या इतिहासातला सर्वांत उपयोगी भाग हातून निसटतो. म्हणून मला ही गोष्ट कायद्याच्या अंगाने सांगायची आहे.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म १८९८चा, अलीगढचा. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी बर्लिनमध्ये मिळवली. तिथेच लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातील लुबा त्यांना भेटल्या आणि दोघांनी लग्न केलं. १९३५मध्ये ख्वाजासाहेबांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. याच नावाच्या आद्याक्षरांतून ‘सिप्ला’ झालं. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी कंपनीला भेट दिली. फाळणीनंतरही ख्वाजासाहेबांनी मुंबई सोडली नाही.

स्वातंत्र्य आलं, पण पेटंटचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९११चाच राहिला. त्यात औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळत असे. बहुतांश पेटंट परदेशी कंपन्यांकडे होती. देशी रसायनतज्ज्ञाने तेच औषध निराळ्या, स्वस्त पद्धतीने बनवलं तरी त्याला ते विकता येत नसे. मग त्याने डोकं कशासाठी चालवायचं? परिणामी गरीब भारतात काही औषधं जगातल्या सर्वांत महाग औषधांत मोडत. अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीनेही याची नोंद घेतली होती.

न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९मध्ये पेटंट कायद्यावर अहवाल दिला. देशी औषध उत्पादकांनी १९६१मध्ये आपली संघटना बांधली. केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून आलेले ख्वाजासाहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद या लढ्यात पुढे होते. अखेर १९७०मध्ये नवा कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ रोजी लागू झाला. त्याच वर्षी ख्वाजासाहेबांचा इंतकाल झाला.

नव्या कायद्याने औषधावरचं पेटंट काढून टाकलं, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर ठेवलं. सोप्या भाषेत सांगायचं तर बिर्याणीवर कुणाची मालकी उरली नाही. एखाद्याची खास कृती तेवढी त्याची. दुसऱ्या कृतीने तुम्हीही बिर्याणी करा आणि विका. आता स्वस्त प्रक्रिया शोधण्यातच नफा होता. सिप्लासारख्या कंपन्यांनी आपली बुद्धी आणि पैसा तिकडे वळवला.

याचं फळ २००१मध्ये जगाने पाहिलं. एड्सवरच्या तीन औषधांचा एकत्रित उपचार तेव्हा पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात जात होता. सिप्लाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे रोज एका डॉलरपेक्षाही कमी. शिवाय तिन्ही औषधं एकाच गोळीत आणली. त्या तीन औषधांचे हक्क पाश्चात्त्य देशांत तीन वेगळ्या कंपन्यांकडे होते. आपलं औषध प्रतिस्पर्ध्याच्या औषधात मिसळण्यात त्यांना काय रस असणार? भारतात ते कुंपणच नव्हतं.

युसूफ हमीद यांचं धाडस आणि कणव मला नाकारायची नाही. मात्र माणूस कितीही नेक असला तरी १९११च्या कायद्यात त्याला ही गोळी बनवता आली नसती. आणि कंपनी म्हणजे खैरातखानाही नव्हे. सरकारच्या औषध-दरनियंत्रणाविरुद्ध हीच सिप्ला कोर्टात लढत होती आणि ते प्रकरण २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं होतं. नियम जिकडे नफा दाखवतो तिकडे धंदा जातो. म्हणून नियम कोण लिहितो, हा प्रश्न मोलाचा आहे.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५पासून भारतात औषधांवरचं पेटंट परत आलं. जुन्या वाटेची रुंदी कमी झाली.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागापासून छोट्या कारखानदारीपर्यंत आपल्या समाजाचा मोठा भाग धंद्यावर जगतो. सूत, वीज, कर यांचे नियम बदलले की आपण मोर्चा काढतो, तोही नियम लागू झाल्यावर. देशी औषधवाल्यांनी अय्यंगार अहवालापासून कायदा लागू होईपर्यंत तेरा वर्षं वाट पाहिली, पाठपुरावा केला, आणि तोवर आपलं ज्ञान तयार ठेवलं. हमीद कुटुंबाचा अभिमान जरूर बाळगावा. त्याचबरोबर आपल्या किती संघटनांकडे कायद्याचा मसुदा वाचून त्यावर वेळेत हरकत नोंदवणारा एक तरी माणूस आहे, हेही मोजून पाहावं.